पाच नंबरची काच

तय्यबअलींनी काउंटरवर मखमली फडकं अंथरलं,
जशी काही मी अंगठीच बघायला आलेय,
आणि विचारलं, "कोना माटे, बेन?"
कोणासाठी.
किमतीच्या आधी हे विचारणारा
मंगळ बाजारापासून इथवर हा एकच.

म्हटलं, एक धर्मेशसाठी.
मकरपुऱ्याला आमच्या शेडमध्ये गॅसकटर धरतो. वय एकोणीस.
डोळ्यांवर सयाजीबागेबाहेरच्या हातगाडीवरचा गॉगल,
सोनेरी काड्यांचा.
काळा आहे ना, मग झालं, म्हणतो.

"काळी तर छत्रीपण असते,"
म्हातारा काच पुसत राहिला.
अंधार झालासा वाटून बाहुली फसते म्हणे,
दार सताड उघडून बसते,
आणि न दिसणारी धग
चपला न काढता थेट आत.

मग हिरवी काच पुढे सरकवली. पाच नंबर.
ज्योतीला हीच. वितळती कड दिसली पाहिजे, आपला हात दिसला पाहिजे.
आर्कला मात्र नाही हं.
आर्कला अकरा, आणि चष्मा नव्हेच, अख्खा मुखवटा.
गालालाही कातडी असते, बेन.

बाबांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.
त्यांची रीत अशी, की टाका पडायच्या क्षणी
मान वळवायची, डोळे मिटायचे.
रात्री दोनला उठून बसत,
पापण्यांखाली कुणी वाळू ओतल्यासारखे.
दांडिया बाजारातल्या त्या खोलीत
आई दिवा न लावता बटाटा चिरायची,
चकत्या डोळ्यांवर ठेवायची, गरम झाल्या की उलटायची.
सकाळी त्या बटाट्याची भाजी करत नसे.
आमच्या घरातली तेवढीच चैन.

"बीजा?"
दुसरा माझ्यासाठी.
मी जाळीपलीकडे हिशेब लिहिते. ठिणगी माझ्या वाट्याला येत नाही.
येते ती ट्यूबलाइटची थरथर, जी इतर कुणालाच दिसत नाही,
तीन वाजता पत्र्यावरून उसळलेलं ऊन,
मग अर्धं डोकं,
मग बादली.

न विचारता हिरवाच उचलला मी, लावला.
रस्ता विहिरीत उतरला.
रिक्षा, उसाचा चरक, सायकलवरचा पाववाला,
सगळे शेवाळातून हळू चाललेले.
इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

"काढा," ते म्हणाले,
पोराच्या हातून काडेपेटी घ्यावी तसे.
घरात काळी काच लावलीत तर डोळा लाडावतो.
आज ट्यूबलाइट नको, उद्या समईची वात नको,
परवा खिडकीच नको म्हणेल.
आणि खणातून काढली एक फिकी गुलाबी,
कोकम सरबताच्या पेल्यात बर्फ विरघळून उरावं तेवढीच.
वरची ट्यूब होती तिथेच होती.
फक्त बडबडायची थांबली.

आज सकाळी धर्मेशनं चष्मा लावून
मोबाइलमध्ये तोंड बघितलं.
"ताई, बेडकासारखा दिसतो."
दिस, म्हटलं.
ज्योत पेटली, निळी झाली, पत्र्यावर टेकली.
नेहमीची शीळ नाही, गाणं नाही.
अर्धा फूट कापून तो थांबला,
चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली ओढला.

"ताई, रेघ दिसते."

कसली रेघ?

"आपण आखतो ती. पेन्सिलीची. कापताना दिसते."

मग इतके दिवस कशावर कापत होतास रे?

"अंदाजानं,"
तो हसून म्हणाला, बाबांच्याच शब्दात,
आणि मी गुलाबी काचेमागे
बेरीज पुन्हा वरून सुरू केली.